दुपारचं जेवण पहाटे ठरतं

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातून सकाळी कामाला निघणारी माणसं एकाच वेळी निघत नाहीत. कापूस वेचायला किंवा मिरची तोडायला जाणाऱ्या बाया ऊन चढायच्या आत शेत गाठतात. पपईच्या आणि केळीच्या बागेतले मजूर त्यांच्या मागेपुढे असतात. मग शाळेचे गुरुजी आणि बाई, अंगणवाडीच्या ताई, वायरमन, आणि तालुक्याच्या दुकानात किंवा पतसंस्थेत कामाला जाणारी तरुण मंडळी. या सगळ्यांना बारा ते दोनच्या दरम्यान भूक लागणार, हे ठरलेलं आहे. पण त्या वेळी पोटात काय जाणार, हे दुपारी ठरत नाही. काहींच्या बाबतीत ते पहाटे चुलीपाशी ठरतं, काहींच्या बाबतीत आदल्या आठवड्यात गिरणीवर, आणि खोलात गेलं तर पेरणीच्या वेळी शेतात. ज्यांचं खरोखरच दुपारी ठरतं, त्यांचंच जेवण बहुधा बिघडतं.

आज काय खायचं, हा प्रश्न शहरातल्या नोकरदाराचा म्हणून हसण्यावारी नेला जातो. मला तो तसा वाटत नाही. माणूस आयुष्यातली तीस-चाळीस वर्षं कामावर दुपारचं जेवतो. हे जेवण घरापासून लांब, घाईत, बहुधा थंड आणि पुष्कळदा एकट्याने होतं. रात्रीचं जेवण सगळं घर सांभाळतं, दुपारचं ज्याचं त्याने सांभाळायचं असतं. म्हणून त्याचा विचार नीट, हिशोबाने व्हायला हवा.

आधी लागतं किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी आहाराची जी मानकं दिली, त्यात ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला २११० किलोकॅलरी, मध्यम श्रमात २७१० आणि जड श्रमात ३४७० लागतात असं म्हटलं आहे. ५५ किलो वजनाच्या बाईसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० आहेत. दुपारच्या जेवणाने दिवसाची तिसरी वाटणी उचलावी असं धरलं, तर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या गड्याला दुपारी साडेअकराशेच्या आसपास कॅलरी लागतील आणि संगणकापुढे बसणाऱ्या बाईला साडेपाचशे. म्हणजे एकाच गल्लीतून निघालेल्या दोन डब्यांमध्ये दुपटीचा फरक असायला हवा. प्रत्यक्षात होतं ते वेगळंच. शेतातला माणूस नोकरीला लागतो, मोटारसायकलवर हिंडू लागतो, पण त्याच्या डब्यातल्या भाकरी तेवढ्याच राहतात. तिकडे दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या फडक्यात मात्र दीड भाकर असते. वाढीचं माप कामावरून पडत नाही, घरातल्या मानावरून पडतं. त्याकडे पुढे येतो.

कॅलरी ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी प्रथिनांची, आणि तिथे खानदेशाकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

ज्वारीची एक भाकर साधारण ८० ग्रॅम पिठाची धरली, तर तीत २६५ च्या आसपास कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं आणि तितकाच तंतुमय भाग असतो. आकडा वाईट नाही. अडचण त्या प्रथिनांच्या जातीची आहे. शरीराला अन्नातूनच घ्यावी लागतात अशी नऊ अमिनो आम्लं आहेत, आणि त्यांपैकी जे सगळ्यांत कमी पडतं तेच बाकीच्यांचा उपयोग अडवून धरतं. ज्वारीत कमी पडतं ते लायसिन. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ते दोन ग्रॅमच्या थोडं वर असतं, मोठ्या माणसाची गरज साडेचार ग्रॅमची आहे. शिवाय ज्वारीची प्रथिनं पाण्यात शिजवली की आणखी आवळली जातात आणि पचायला जरा जड होतात.

तिसरा दोष जास्त गंभीर आहे. १९६० साली हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास मांडला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे पडणं, जुलाब होणं आणि पुढे मनावर परिणाम होणं ही त्याची लक्षणं. हा रोग तोवर मका खाणाऱ्यांचा मानला जाई. ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असतं आणि ते शरीराच्या नायसिन या जीवनसत्त्वाच्या कारभारात अडथळा आणतं, असं त्यांनी दाखवलं. पुढे या मतावर चर्चा झाली, पण व्यवहारात त्याचा अर्थ सरळ होता. ज्वारी चांगलीच आहे, पण नुसत्या ज्वारीवर माणसाला ठेवू नये.

आता कळण्याकडे पाहा. कळण्याचं दळण असं होतं: ज्वारी निवडायची, तिच्यात सालीसकट अख्खे उडीद घालायचे, खडेमीठ घालायचं, कुणी चार मेथ्याही टाकतं, आणि सगळं गिरणीत एकत्र दळून आणायचं. प्रमाण घरागणिक वेगळं, कुठे चाराला एक, कुठे तिनाला एक. तिनाला एक धरून हिशोब करू. दोन भाकरींचं पीठ १६० ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम ज्वारी आणि ४० ग्रॅम उडीद. नुसत्या ज्वारीच्या दोन भाकरींतून १६ ग्रॅम प्रथिनं मिळाली असती, इथे जवळजवळ २१ मिळतात. त्याहून मोठी गोष्ट लायसिनची. उडदाच्या प्रथिनांत ते ज्वारीच्या सुमारे तिप्पट असतं, त्यामुळे दोन भाकरींतलं लायसिन दुपटीहून जास्त होतं आणि शरीराच्या गरजेच्या अगदी जवळ येऊन थांबतं. उडदात जे कमी असतं, ते मेथिओनिन, ज्वारी पुरवते. कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी खानदेशातल्या बायांनी हे दळण बसवलं. त्यांच्यापुढे लायसिनचं कोष्टक नव्हतं. भाकर पोटात टिकते, अंगात जोर राहतो, एवढी पारख होती आणि ती खरी निघाली.

या भाकरीचं करणंही पाहण्यासारखं असतं. पीठ परातीत घेऊन मधे कढत पाणी ओततात. गव्हात ग्लूटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली तरी सुटत नाही. ज्वारीत ते नाही. कढत पाण्याने पिठातला थोडा स्टार्च तिथल्या तिथे शिजून चिकट होतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. उडदाला स्वतःचा चिकटपणा असल्यामुळे कळण्याचं पीठ हाताला आणखी बरं लागतं. मग तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. मळण्यात आळस केला की थापताना कडा फाटतात. भाकर तव्यावर पडली की वरच्या अंगावरून पाण्याचा हात फिरवतात. त्या पाण्याने वरची बाजू पटकन वाळून तडकत नाही, उलटल्यावर वाफ आत कोंडते आणि भाकर टम्म फुगते. फुगलेली भाकर दोन पदरांची होते, आतली वाफ निघून गेलेली असते, आणि म्हणूनच ती बांधून न्यायला योग्य ठरते.

बांधून नेण्याचा मुद्दा साधा नाही. नंदुरबारकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात. शिजवलेलं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सकाळी सहाला बांधलेली शिदोरी बाराला उघडणाऱ्या मजुराला हा नियम पाळताच येत नाही. म्हणून त्याने वेगळा मार्ग काढला. जंतूंना पाणी लागतं. कोरडी भाकर, मिठाचा आणि तेलाचा ठेचा, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, या सगळ्यांत जंतूंच्या कामाचं पाणी कमी असतं. कांदा मात्र अख्खाच न्यायचा आणि जेवताना बुक्कीने फोडायचा, सोललेला आणायचाच नाही.

उलट भात, घट्ट वरण, बटाट्याची ओली भाजी, उसळ या गोष्टी डब्यात सकाळी गरम भरून झाकण गच्च लावलं, की दुपारपर्यंत तो डबा म्हणजे जंतूंना उबेचं घर. भाताचं तर जास्तच जपावं लागतं. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती शिजवण्याने मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढून विष तयार होतं. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. डब्यातला भात नासलेला वासावरून कळेल, हा भरवसा त्यामुळे खोटा आहे. ज्यांना भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांनी तो परातीत पसरून निववून मग भरावा आणि कामावर पोचताच सावलीत, गार जागी ठेवावा. उन्हाळ्याचे तीन महिने दुपारचा भात सोडला तर उत्तम.

भाकरीलाही गरम असताना स्टीलच्या डब्यात कोंडू नये. वाफेचं पाणी होतं, भाकर खालून ओली होते आणि वरून चामट. जरा वाऱ्यावर निवू द्यायची, मग सुती फडक्यात बांधायची. निवलेली भाकर थोडी कडक होते कारण तिच्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. त्यातला काही भाग लहान आतड्यात पचतच नाही, पुढे जाऊन तंतूंसारखं काम करतो आणि रक्तातली साखर सावकाश चढते. मधुमेह असलेल्या आणि बैठं काम करणाऱ्या माणसाला सकाळची भाकर दुपारी खाणं हे त्या दृष्टीने सोयीचंच आहे.

आता ज्यांच्याजवळ डबा नाही त्यांच्याकडे वळू. बसस्थानकापाशी एक वाजता उभ्या राहिलेल्या माणसापुढे समोसा, वडापाव, कचोरी, पोहे असतात आणि थोडं पुढे गेलं की शेवभाजी मिळणारं हॉटेल. त्या क्षणी त्याला निवडीचं स्वातंत्र्य आहे असं वाटतं. ते फारसं नसतं. १९९८ साली दोन संशोधकांनी अ‍ॅमस्टरडॅममधल्या निरनिराळ्या कचेऱ्यांतल्या लोकांना विचारलं, पुढच्या आठवड्यात अमुक वेळी तुम्हाला फुकट खाऊ देऊ, काय हवं ते आज सांगा. फळं होती, तशी चॉकलेटं आणि तळलेले पदार्थही होते. आठवडाभर आधी निवडताना बऱ्याच जणांनी फळ मागितलं. खाऊ हातात देण्याची वेळ आली तेव्हा, हवं तर बदलून घ्या असं म्हटल्यावर, त्यातल्या अनेकांनी फळ सोडून दुसरं उचललं. आणि ज्यांची वेळ भुकेची होती, संध्याकाळ व्हायच्या आधीची, त्यांचा कल गोड-तळलेल्याकडे जास्त होता. २०१६ साली पेनसिल्व्हेनिया आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी कचेरीच्या जेवणावरच प्रयोग केले. जेवणाची मागणी जेवायच्या आधी काही वेळ नोंदवलेल्या लोकांनी कमी कॅलरींचं जेवण मागवलं, आणि त्यांचं समाधान त्यामुळे कमी झालं नाही.

दुपारी काय खायचं हे भूक लागायच्या आत ठरवायला हवं, एवढं यातून निघतं. कळसाडीच्या मजूर बाईने हे कधीच ठरवलेलं असतं, कारण रानात हॉटेल नसतं. नोकरदाराने ते मुद्दाम ठरवावं लागतं. डबा शक्य नसेल त्या दिवशी बाहेर काय खाणार, हे घरातून न्याहारी करून निघतानाच नक्की करावं. भरल्या पोटी घेतलेला हा एक छोटा निर्णय दुपारी फार उपयोगी पडतो.

शेवभाजीबद्दल न्यायाने बोलायला हवं, कारण खानदेशात बाहेर जेवायचं म्हटलं की ती आलीच. शेव बेसनाची, म्हणजे डाळीची. त्यामुळे वडापावाच्या किंवा समोशाच्या तुलनेत तिच्यात प्रथिनं बरी असतात आणि पोळी-भाकरीबरोबर ती धान्य आणि डाळीची जोडी पुरी करते. पण शेव तळलेली, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी, आणि वर रश्शाचा तवंग. मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेवेत मीठ, रश्शात मीठ, सोबत तळलेली मिरची आणि लोणचं, की त्यातला मोठा वाटा एका ताटात संपतो. घाम गाळणाऱ्याचं एक वेळ चालेल. रक्तदाब असलेल्या कारकुनाने शेवभाजी आठवड्यातून एखाद्या दिवशी खावी, आणि त्या दिवशी अर्धी प्लेट, वर कांदा-काकडी-लिंबू जास्त आणि भाकर मागून घ्यावी. रोज खायचं ताट म्हणून तिच्याकडे पाहू नये. समोशाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. मैदा, बटाटा आणि तेल, दोन समोशांत भूक मरते आणि अंगाला जवळजवळ काही लागत नाही. ते जेवण नव्हे.

इथवर मी माणसाला निवड आहे असं धरून बोललो. पुष्कळांना ती नव्हती आणि आजही नाही. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. त्याच्या मोबदल्यात धान्याचा वाटा असे आणि मालक जे धान्य देई तीच वर्षभराची भाकर. धडगाव-अक्कलकुव्याकडचे आणि सपाटीवरचे आदिवासी मजूर कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बारडोली परिसरात या खानदेशी मजुरांचं जिणं नोंदवलं. त्यांना हंगामात खावटी मिळे, म्हणजे हिशोबातून कापून घ्यायची ज्वारी आणि थोडे पैसे. दुपारी काय खायचं हे मुकादमाच्या वहीत ठरत होतं. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर खडी फोडणाऱ्या लाखो माणसांच्या वाट्याला सुकडी आली आणि परदेशातून आणलेला लाल मिलो आला. मिलो ज्वारीच्याच कुळातला, पण त्याच्या भाकरीची आठवण काढताना ती पिढी आजही तोंड वाकडं करते.

कष्टकऱ्याच्या दुपारच्या जेवणासाठी महाराष्ट्राने जे काही उभं केलं, त्याची दाद मात्र द्यायला हवी. मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली आणि घरचं जेवण कामाच्या जागी जाऊ लागलं. ज्यांचं घरच मुंबईत नव्हतं अशा गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बाया जेवू घालत. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९४८च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची केली आणि २५० हून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृहाची तरतूद केली. शेतमजूर या कायद्यात आलाच नाही. त्याची जेवणाची सुट्टी आजही शेतमालकाच्या आणि मुकादमाच्या समजुतीवर चालते.

१९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. ती केंद्रं फार दिवस नीट चालली नाहीत, जागांची भांडणं झाली, ते सगळं खरं. पण ताट निवडणाऱ्याची पारख बरोबर होती. झुणका बेसनाचा, भाकर ज्वारीची, पुन्हा तीच जोडी. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात, किंमत १० रुपये. बसस्थानकावर अडकलेल्या, दवाखान्यात माणूस घेऊन आलेल्या गरिबाला या थाळीचा मोठा आधार झाला. जड काम करणाऱ्याचं पोट मात्र तेवढ्याने भरत नाही. ३० ग्रॅमची चपाती म्हणजे भाकरीच्या निम्मीही नाही. वरण घट्ट असेल तर थाळी चांगली, पाण्यासारखं असेल तर तिच्यातलं सत्त्व तिथेच कमी होतं.

ज्वारीचं आता काय चाललं आहे, हेही या प्रश्नाचाच भाग आहे. तापीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत दादर पिकते. पावसाळा सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी ही रब्बी ज्वारी. दादरची भाकर पांढरीशुभ्र, गोडसर, आणि दुपारपर्यंत मऊ राहते असा तिचा लौकिक. पण त्याच जमिनीला पाणी मिळालं की तिथे ऊस, केळी, पपई येते, आणि शेतकऱ्याला त्याबद्दल बोल लावता येत नाही, दादरपेक्षा चार पैसे तिथे जास्त दिसतात. दुसरीकडे रेशनवर गहू आणि तांदूळ. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य दिलं, २०२३ पासून ते मोफत झालं. भुकेच्या बाबतीत हा मोठाच आधार आहे. पण ज्या मजुराला गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारी बाजारभावाने घ्यावी लागते, त्याची भाकर आपोआप मागे सरते. डब्यात चपाती आली, भात आला. ज्वारीबरोबर घरात उडीद येई, कळणा दळला जाई, तो क्रम तुटला की प्रथिनांचा हिशोबही कोसळतो. गव्हाच्या चपातीबरोबर बटाट्याची भाजी, हा आजच्या डब्यातला सगळ्यांत सामान्य जोड आहे आणि त्यात डाळीचा दाणा नाही.

त्यावर उपाय घरातलाच आहे. गव्हातही लायसिन कमीच असतं, तेव्हा दळणात गव्हाबरोबर हरभरा टाकावा, आठ-दहाला एक एवढ्याने चपाती बिघडत नाही. नाहीतर डब्यात भाजीबरोबर डाळीचं काहीतरी कोरडं हवंच: पिठल्याची वडी, डाळकांदा, मूठभर भाजलेले फुटाणे, शेंगदाण्याची चटणी. नवापूरची तूर तर आपल्याच जिल्ह्याची, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं घट्ट, कोरडं वरण नीट निववून सकाळी डब्याला आणि दुपारी घरी, दोन्हीकडे चालतं. अंडं खाणाऱ्याने उकडलेलं अंडं सालीसकट न्यावं, फोडायचं जेवताना.

जेवल्यावर डोळे मिटतात म्हणून काही जण दुपारचं टाळतात, चहा-बिस्किटावर भागवतात. दुपारी एक ते चारच्या दरम्यानची सुस्ती शरीराच्या रोजच्या घड्याळातही असते. जेवण न करणाऱ्यालाही ती येते. भाताच्या किंवा मैद्याच्या भरगच्च जेवणाने ती वाढते एवढंच. आधी कोशिंबीर, कांदा-काकडी आणि डाळ-उसळ, मग भाकर, असा क्रम ठेवला तर साखर एकदम चढत नाही आणि पेंगही कमी येते. उपाशी राहणं हा त्यावरचा इलाज नव्हे, कारण ती भूक रात्री नऊला व्याजासकट वसूल होते.

जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मात्र सोडायला हवी. चहातली टॅनिनं धान्य-डाळीतल्या लोहाला बांधून टाकतात आणि अंगी लागणारं लोह निम्म्याहूनही खाली जातं. तासाभराने घेतलेल्या चहाने तेवढं नुकसान होत नाही. याउलट लिंबाची फोड, हिरवी मिरची, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. ठेच्यावर लिंबू पिळणं यासाठीच मोलाचं. या जिल्ह्यात रक्त कमी असणं बायांमध्ये घरोघर दिसतं, आणि सिकलसेलचा आजारही आदिवासी समाजात मोठा आहे. सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, त्यावर आहार हे औषध नव्हे, आणि त्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पण बाकीच्यांच्या बाबतीत ताटातली फोड आणि चहाची वेळ यांनी फरक पडतो.

आणि बायांचं ताट हाच या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. दिवसाला पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, मूल होण्याच्या वयातल्या बाईला २९. तिला जेवण थोडं कमी लागतं पण लोह दीडपट लागतं, म्हणजे तिच्या ताटात भाकर कमी असली तरी डाळ आणि पालेभाजी पुरुषापेक्षा जास्त असायला हवी. घडतं नेमकं उलट. पहाटे पाचला उठून ती घरातले सगळे डबे भरते. घट्ट वरण, भाजीतल्या शेंगा, अंडं हे डब्यांत जातं. कढईत उरलेला रस्सा आणि कडेची भाकर ती फडक्यात बांधते आणि कापसाच्या शेताला निघते. शेतावर चार बाया एकत्र बसून आपापलं उघडतात, एकीचा ठेचा, दुसरीची चटणी, तिसरीचा कांदा, अशी वाटणी होते आणि त्या जेवणाला फार चव येते, हे खरंच आहे. पण चौघींच्याही फडक्यात डाळ नसेल तर वाटूनही ती येत नाही.

यावर सांगण्यासारखं एकच, आणि ते डबे भरण्याच्या क्रमाबद्दल आहे. घरातला पहिला डबा तिचा भरावा, कढई भरलेली असताना, घट्ट वरणाच्या तळापासून. नवऱ्याने, मोठ्या मुलाने, सासूबाईंनी, ज्याचा हात मोकळा असेल त्याने तो भरावा. तिला स्वतःला सांगून ते होत नाही. ती स्वतःचा पहिला भरलेला डबा उघडून त्यातली अर्धी डाळ मुलाच्या डब्यात टाकते.